चॅनेल मोजू नका, एमबीपीएस मोजा: कारखान्यासाठी एनव्हीआर निवडताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. चाकणला कारखाना, भोसरीत जुनं युनिट आणि बाणेरला ऑफिस. सीसीटीव्ही कॅमेरे अनुक्रमे ९६, ३० आणि २४. व्यवस्थापनाला ४५ दिवसांचं रेकॉर्डिंग हवंय. तीन व्हेंडरची कोटेशनं आली आहेत आणि चाकणसाठी तिघांनीही ६४ चॅनेलचे दोन एनव्हीआर (नेटवर्क व्हिडिओ रेकॉर्डर, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारी यंत्रं), प्रत्येकात ८ टीबीच्या आठ डिस्क, असंच दिलंय. फरक काय तो ब्रँडचा आणि किमतीचा. यातला कोणता घ्यावा?

आहे त्या स्वरूपात तिन्हींपैकी एकही घेऊ नका. ब्रँड वाईट आहेत म्हणून नव्हे. तिघांनी कॅमेरे मोजले, त्यांना पुरतील इतके चॅनेल दिले आणि स्लॉट आहेत तितक्या डिस्क भरल्या. तुम्ही मागितलेल्या ४५ दिवसांचा हिशेब मात्र कुणीच केलेला दिसत नाही. तो केला की ब्रँडचा प्रश्न बराच लहान होतो.

आधी चॅनेलचं. डेटाशीटवर ‘६४ चॅनेल’ ठळक अक्षरांत असतं, पण यंत्राची खरी ताकद खालच्या बारीक ओळींत लिहिलेली असते: आत किती एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) येऊ शकतात, बाहेर किती जाऊ शकतात आणि एका वेळी किती चित्रं डिकोड होऊन पडद्यावर दिसतील. ६४ आसनांची बस असली म्हणून ६४ माणसं सामानसुमानासकट घाट चढतीलच असं नाही. बाजारातले बरेचसे ६४ चॅनेलचे एनव्हीआर स्वतःच्या पडद्यावर पूर्ण रिझोल्यूशनची चित्रं त्याच्या निम्मीसुद्धा दाखवू शकत नाहीत. बाकीची सबस्ट्रीमवर, म्हणजे कमी दर्जाच्या हलक्या प्रवाहावर दाखवतात, आणि ते चालतं. चालत नाही ते असं की काही मॉडेलांमध्ये रेड (RAID, म्हणजे एखादी डिस्क बिघडली तरी रेकॉर्डिंग वाचावं अशी डिस्कची जुळणी) चालू केलं किंवा एनव्हीआरमधलं एआय चालू केलं की आत येण्याची मर्यादाच खाली येते. हे डेटाशीटच्या तळटीपेत असतं. म्हणून व्हेंडरला एवढंच विचारा: रेड ६ आणि तुम्ही विकत असलेलं एआय, दोन्ही चालू असताना इनकमिंग बँडविड्थ किती राहते? उत्तर कंपनीच्या लेटरहेडवर मागा. तोंडी ‘साहेब, आरामात चालतं’ याला काही अर्थ नाही.

आता हिशेब. १ एमबीपीएसचा प्रवाह दिवसरात्र चालला तर रोज १०.८ जीबी जागा खातो. हा आकडा पाठ करून ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. चाकणच्या ९६ कॅमेऱ्यांत ४ मेगापिक्सेलचे ७० आणि २ मेगापिक्सेलचे २६ आहेत असं तुम्ही कळवलंय. एच.२६५ या कॉम्प्रेशनवर, कारखान्याला पुरेल अशा फ्रेमरेटला, पहिल्यांना ४ आणि दुसऱ्यांना २ एमबीपीएस धरू. म्हणजे २८० अधिक ५२, एकूण ३३२ एमबीपीएस. दिवसाला साधारण ३.६ टीबी. ४५ दिवसांचे १६१ टीबी.

कोटेशनमध्ये आठ गुणिले आठ गुणिले दोन, म्हणजे १२८ टीबी आहेत. कसलंही संरक्षण न ठेवता सगळी जागा वापरली तरी ३५ दिवस होतात. प्रत्येक बॉक्सवर रेड ५ केलं तर एकेक डिस्क पॅरिटीत, म्हणजे गेलेला डेटा परत उभा करायच्या नोंदीत जाते, ११२ टीबी उरतात, ३१ दिवस. रेड ६ केलं तर दोन-दोन डिस्क जातात, ९६ टीबी, जेमतेम २६ दिवस. चोरी महिनाअखेरच्या स्टॉक मोजणीत लक्षात आली, तर पुरावा दोन-चार दिवसांपूर्वीच पुसला गेलेला असेल. तुमच्या स्टोअर्समध्ये मोजणी महिन्यातून एकदा होत असेल तर ही शक्यता तुम्हीच मनाशी तपासून पाहा.

वर ३३२ एमबीपीएस हा कोरड्या दिवसांचा आकडा आहे. बिटरेट ‘व्हेरिएबल’ असतो, म्हणजे चित्रात जितकी हालचाल आणि दाणे, तितका तो फुगतो. पुण्याच्या पावसाळ्यात रात्रीच्या वेळी हे उघड दिसतं. इन्फ्रारेडच्या उजेडात पावसाच्या रेघा, दिव्याभोवती किडे आणि त्या किड्यांसाठी कोळ्यांनी लेन्ससमोर विणलेली जाळी. यार्डातला कॅमेरा जुलैत मार्चपेक्षा जास्त जागा खातो. हाऊसकीपिंगच्या कामांत ‘बाहेरच्या कॅमेऱ्यांची जाळी काढणे’ लिहून टाका, त्याने स्टोरेज वाचतं. तरीही २० टक्के वाढ गृहीत धरूनच खरेदी करा.

मग काय घ्यायचं? १६ स्लॉटचे दोन एनव्हीआर, ८ टीबीच्याच डिस्क, रेड ६ आणि एक डिस्क हॉट स्पेअर, म्हणजे दुसरी बिघडली की आपोआप तिची जागा घेणारी. प्रत्येक बॉक्समध्ये १६ पैकी १३ डिस्क डेटासाठी उरतात, म्हणजे १०४ टीबी, दोन्ही मिळून २०८. बिटरेट २० टक्के फुगला तरी ४८ दिवस निघतात. फाइल सिस्टिमचा थोडा खर्च वजा केला तरी ४५ च्या खाली जात नाही. एनव्हीआरच्या पडद्यावर ८ टीबीची डिस्क ७.२७ दिसली तर व्हेंडरशी भांडू नका. मोजायची पद्धत वेगळी असते, डिस्क तेवढीच असते.

‘मोशनवर रेकॉर्डिंग ठेवा, जागा निम्म्याने वाचेल’ असं कुणीतरी सुचवेलच. बाणेरच्या ऑफिसात रात्री ते ठीक आहे. चाकणच्या शॉपफ्लोअरवर वेल्डिंगच्या ठिणग्या, फोर्कलिफ्ट आणि पंख्याच्या सावल्या यांमुळे मोशन कधी थांबतच नाही, त्यामुळे वाचत काही नाही. उलट यार्डाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, जिथे खरंच कुणी हळूच शिरेल, तिथे मोशन उशिरा लागतं. गेट, वजनकाटा, स्टोअर्स, स्क्रॅप यार्ड आणि डिस्पॅच इथे सलग रेकॉर्डिंगच हवं. जागा वाचवायचीच असेल तर कॅन्टीनकडच्या आणि पॅसेजमधल्या कॅमेऱ्यांचा फ्रेमरेट कमी करा, गेटवरचा नको. गेटवर तर चेहरा ओळखण्याइतकं चित्र हवं, म्हणजे आयईसी ६२६७६-४ या मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीनुसार मीटरला २५० पिक्सेल. १९२० पिक्सेल रुंदीचा २ मेगापिक्सेल कॅमेरा साडेसात मीटरपेक्षा रुंद जागा दाखवत असेल तर त्यात माणूस दिसेल, पण कोण ते खात्रीने सांगता येणार नाही.

ब्रँडचे स्वतःचे ‘स्मार्ट’ कोडेक (व्हिडिओ दाबून साठवायच्या पद्धती) असतात, नावापुढे प्लस वगैरे लावलेले. स्थिर चित्रात ते खरोखर जागा वाचवतात. पण त्या बचतीच्या भरवशावर डिस्क कमी करू नका, आणि कॅमेरा एका कंपनीचा व एनव्हीआर दुसऱ्या कंपनीचा असेल तर ते बंदच ठेवा. प्लेबॅकला अडचणी येतात.

डिस्कबद्दल. पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या बाजारात डेस्कटॉपची डिस्क स्वस्त मिळते आणि ती बसतेही. पण साध्या डेस्कटॉप डिस्कवर निर्मात्याने वर्षाला साधारण ५५ टीबी कामाचा भार धरलेला असतो. सर्व्हेलन्ससाठीच्या डब्ल्यूडी पर्पल किंवा सीगेट स्कायहॉक मालिकेत तो १८० टीबी आहे, आणि पर्पल प्रो किंवा स्कायहॉक एआयमध्ये ५५०. तुमच्या चाकणचा भार वर्षाला सुमारे १,३०० टीबी. आठ स्लॉटच्या दोन बॉक्सवर रेड ६ ने तो वाटला तर एकेका डिस्कवर वर्षाला ११० टीबीच्या आसपास पडतो. डेस्कटॉपच्या डिस्कला हे दुप्पट झालं. १६ स्लॉटच्या रचनेत तोच भार ५० वर येतो, म्हणजे १८० वाली साधी सर्व्हेलन्स डिस्क तुम्हाला भरपूर झाली. ५५० वालीचे पैसे देऊ नका. ते पैसे हॉट स्पेअरला आणि कपाटात ठेवायच्या दोन जादा डिस्कना घाला.

रेड ६ चाच आग्रह का? बिघडलेली डिस्क बदलल्यावर नवी भरायला वेळ लागतो. सेकंदाला १०० एमबीचा वेग सलग मिळाला तरी ८ टीबीला २२ तास लागतात, आणि रेकॉर्डिंग चालू असताना तो वेग मिळत नाही. दोन-तीन दिवस सहज जातात. तेवढ्या काळात उरलेल्या सगळ्या डिस्कवर नेहमीपेक्षा जास्त ताण असतो, आणि त्या बहुधा एकाच लॉटमधल्या, एकाच वयाच्या असतात. रेड ५ मध्ये त्या काळात दुसरी डिस्क गेली की सगळंच जातं. शक्य असेल तर डिस्क दोन वेगळ्या लॉटमधून मागवा.

रेड डिस्क वाचवतं, एनव्हीआर नव्हे. पॉवर सप्लाय किंवा मदरबोर्ड गेला तर ४८ कॅमेरे आंधळे होतात. यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे तिसरा एनव्हीआर राखीव ठेवणं, जो दोघांपैकी एक पडला की त्याचे कॅमेरे स्वतःकडे घेतो. दुसरा, महत्त्वाच्या कॅमेऱ्यांत मेमरी कार्ड टाकणं आणि नेटवर्क परत आल्यावर मधली पोकळी आपोआप भरून निघेल अशी सोय तपासून घेणं. तुमच्या बजेटमध्ये मी दुसरा घेईन, गेट, स्टोअर्स आणि डिस्पॅचच्या कॅमेऱ्यांसाठी. मात्र ही पोकळी भरण्याची सोय वेगळ्या कंपनीचा कॅमेरा असला की अनेकदा चालत नाही, त्यामुळे डेमोत केबल उपटून दहा मिनिटांनी परत लावा आणि मधली दहा मिनिटं सापडतात का ते पाहा.

आता ज्याकडे खरेदीच्या वेळी कुणी बघत नाही ते, म्हणजे फुटेज काढणं. लोक लाइव्ह चित्राच्या स्पष्टतेवर भाळतात. पण एनव्हीआरची गरज पडते ती ‘मंगळवारी दुपारपाळीत स्क्रॅपची गाडी कुठल्या वेळी, कुणी भरली’ हे शोधताना. तळवड्याच्या एका कारखान्यात मी पाहिलंय, चार कॅमेऱ्यांचं एका पाळीचं रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर उतरवायला आख्खी पाळी गेली. यंत्रात बिघाड नव्हता. यंत्राची एकूण ताकद तुटपुंजी होती आणि रेकॉर्डिंग, लाइव्ह व एक्स्पोर्ट तिन्ही एकाच वेळी तिच्यावर आले होते. म्हणून डेमोच्या वेळी सगळे कॅमेरे चालू असताना आठ कॅमेऱ्यांचा एकाच वेळचा एक तास मागा. किती मिनिटं लागली ते घड्याळ लावून मोजा. फाइल साध्या लॅपटॉपवर उघडते का, की त्या कंपनीचा प्लेअर लागतो, हेही पाहा. आणि हे काम व्हेंडरच्या इंजिनिअरने नव्हे, तुमच्या सिक्युरिटी सुपरवायझरने करून दाखवावं. रात्री तोच तिथे असणार आहे.

पुढे प्रकरण पोलिसांत किंवा कोर्टात गेलं की फाइलसोबत प्रमाणपत्र लागतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे. त्यातल्या प्रमाणपत्राचे दोन भाग असतात, एक यंत्राचा ताबा असणाऱ्याने भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने, आणि फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइल बदललेली नाही हे दाखवणारी अंक-अक्षरांची खूण) लिहावी लागते. जुन्या पुरावा कायद्याच्या ६५-ब कलमाखाली हा वाद सर्वोच्च न्यायालयात गाजला तो आपल्याच जालन्याच्या निवडणुकीवरून. खोतकर विरुद्ध गोरंट्याल या प्रकरणात उमेदवारी अर्ज वेळेत भरला की नाही हा प्रश्न होता आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातलं व्हिडिओ रेकॉर्डिंग. २०२० च्या त्या निकालात न्यायालयाने सांगितलं की मूळ उपकरणच हजर केलं तर गोष्ट वेगळी, एरवी प्रतीसोबत प्रमाणपत्र आवश्यक आहे. मूळ उपकरण म्हणजे तुमच्या बाबतीत १६ डिस्कचा अख्खा एनव्हीआर. तो जप्तीत गेला तर तुमचे ४८ कॅमेरे थांबतील. त्यामुळे एक्स्पोर्ट करतानाच एसएचए-२५६ हॅश देणारा, आणि कुणी, केव्हा, कुठलं फुटेज काढलं याची नोंद ठेवणारा एनव्हीआर निवडा. एनव्हीआर हॅश देत नसेल तर लॅपटॉपवर काढता येते, पण मग ती त्याच वेळी काढून रजिस्टरमध्ये लिहायची शिस्त लागते, आणि ती शिस्त तिसऱ्या महिन्यात मोडते.

त्याच कारणासाठी घड्याळ. दोन एनव्हीआरमध्ये चार मिनिटांचा फरक असेल तर गेटवरची गाडी आणि डिस्पॅचमधली गाडी एकच आहे हे सिद्ध करताना घाम फुटतो. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार यंत्रणांची घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या एनटीपी, म्हणजे वेळ पुरवणाऱ्या सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी जुळवायची असतात. कॅमेरे थेट इंटरनेटवर सोडू नका. आतला एक सर्व्हर बाहेरून वेळ घेईल आणि कॅमेरे व एनव्हीआर त्याच्याकडून.

नेटवर्कबद्दल फार लिहीत नाही, तुमची आयटी टीम जाणते. कॅमेऱ्यांचं व्हीलॅन (नेटवर्कचा स्वतंत्र कप्पा) वेगळं, एनव्हीआरला दोन नेटवर्क पोर्ट, एक कॅमेऱ्यांकडे आणि एक बघणाऱ्यांकडे. राउटरवर पोर्ट फॉरवर्ड करून मोबाइलवर बघण्याची सोय कुणी ‘फुकटात’ करून देत असेल तर नको म्हणा, व्हीपीएन वापरा. २०१६ मध्ये मिराय बॉटनेटने (हॅकरनी ताब्यात घेतलेल्या उपकरणांच्या जाळ्याने) जगभर जो गोंधळ घातला तो कारखान्यातून आला तोच पासवर्ड ठेवलेल्या कॅमेऱ्यांच्या आणि डीव्हीआरच्या जिवावर. मागे पीओई पोर्ट (नेटवर्क केबलमधूनच कॅमेऱ्याला वीज देणारे) असलेला एनव्हीआर दुकानाला छान, तुम्हाला नको. तुमच्याकडे प्रत्येक शेडमध्ये पीओई स्विच बसवून मधे फायबर टाकायचं आहे. तांब्याच्या केबलची शंभर मीटरची मर्यादा आहेच, पण चाकणसारख्या उघड्या माळावर वळवाच्या पावसात वीज कडाडली की गेटच्या खांबावरून तांब्यातूनच सर्ज आत येतो आणि स्विचपासून एनव्हीआरपर्यंत सगळं घेऊन जातो. बाहेरच्या खांबांना फायबर आणि नीट अर्थिंग, यात काटकसर नको.

यूपीएसही तसंच. गुरुवारी महावितरणचं देखभालीचं काम निघतं, जनरेटर चालू व्हायला थोडा वेळ जातो. कोटेशनमध्ये यूपीएस एनव्हीआरला दिलेला असतो आणि शेडमधले स्विच मात्र साध्या सॉकेटवर. मग एनव्हीआर जागा राहतो, पण कॅमेरे झोपतात. आणि एनव्हीआर गेटच्या केबिनमध्ये ठेवू नका. तिथे धूळ, उन्हाळ्यात उकाडा, वर ज्यांच्यावर लक्ष ठेवायचं त्यांच्याच पायाशी तो पडलेला.

आता ब्रँड. कॅमेरे नवे घेत असाल तर ९ एप्रिल २०२५ पासून केंद्राच्या सुरक्षाविषयक आवश्यक अटींनुसार एसटीक्यूसी या सरकारी चाचणी संस्थेतून किंवा मान्य प्रयोगशाळेतून तपासलेलेच कॅमेरे विकता येतात. प्रमाणपत्र तुमच्या नेमक्या मॉडेल क्रमांकाचं आहे ना ते पाहा, ‘त्याच सिरीजचं’ नको. तुमचा माल अमेरिकेत जातो असं लिहिलंय, म्हणून हेही सांगतो. तिथल्या २०१९ या आर्थिक वर्षाच्या संरक्षण कायद्याच्या कलम ८८९ मध्ये हिकव्हिजन आणि दाहुआ यांची नावं घेऊन निर्बंध आहेत, आणि अमेरिकी सरकारशी करार असलेले ग्राहक त्याची प्रश्नावली पुरवठादारांकडे पाठवतात. खरेदीनंतर ती आली तर पंचाईत. निर्यात विभागाला आधीच विचारा. ब्रँड बदलून ठेवलेली, आतून तीच असलेली उपकरणंही बाजारात आहेत, तेव्हा आतल्या चिपचा आणि फर्मवेअरचा निर्माता कोण हे लेखी मागा.

भोसरीचे जुने कॅमेरे ठेवायचे असतील तर एनव्हीआर ऑनव्हिफच्या (वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं एकमेकांशी जुळावीत म्हणून ठरलेल्या मानकाच्या) प्रोफाइल एस आणि टी दोन्हींना जुळणारा हवा. एच.२६५ साठी टी लागतं, जुने कॅमेरे बहुधा एसवरच असतात. ऑनव्हिफ म्हणजे चित्र येईल एवढी हमी. कॅमेऱ्यातलं एआय आणि मोशनच्या सूचना येतीलच असं नाही. जुन्यातले दोन कॅमेरे व्हेंडरच्या ऑफिसात पाठवा आणि जोडून दाखवायला सांगा.

तिन्ही जागांसाठी मोठं सर्व्हरवरचं व्हीएमएस (व्हिडिओ व्यवस्थापनाचं सॉफ्टवेअर) घ्यावं का, असंही तुम्ही विचारलंय. दीडशे कॅमेऱ्यांना आत्ता नको. त्यात कॅमेऱ्यामागे लायसन्स, विंडोज सर्व्हरची देखभाल आणि ती जाणणारा माणूस लागतो. पुढे ॲक्सेस कंट्रोल, वजनकाटा आणि नंबरप्लेट सगळं एकत्र बांधायचं असेल, किंवा कॅमेरे तीनशेच्या पुढे जाणार असतील, तर विचार करा. तोवर प्रत्येक जागेचं रेकॉर्डिंग त्याच जागी आणि चाकणला फक्त सबस्ट्रीम. अर्ध्या एमबीपीएसच्या सोळा सबस्ट्रीम म्हणजे ८ एमबीपीएस, तुमच्या सध्याच्या लाइनवर बसेल. भोसरीचं मूळ रेकॉर्डिंग लीज्ड लाइनवरून चाकणला आणायचा बेत कुणी मांडला तर लाइन बंद पडलेल्या दिवशी काय होईल ते त्यालाच विचारा.

भोसरीला ३२ चॅनेल, आठ स्लॉट, रेड ६ पुरेल. ३० कॅमेरे सरासरी ३ एमबीपीएस धरले तर ९० एमबीपीएस, ४५ दिवसांना ४४ टीबी, २० टक्के वाढीसह ५३. १० टीबीच्या आठ डिस्कमधून रेड ६ नंतर ६० मिळतात. पण ३२ पैकी ३० चॅनेल पहिल्याच दिवशी भरताहेत, म्हणून तिथे वाढ होणार असेल तर ६४ चा बॉक्स घ्या, डिस्क त्याच राहू द्या. बाणेरला ऑफिस आहे, स्टॉक नाही, तिथे ४५ दिवस कशाला? ३० पुरतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर कर्मचाऱ्यांचं चित्रण गरजेपेक्षा जास्त दिवस बाळगणं ही मिरवायची गोष्ट राहिलेली नाही. किती दिवस ठेवायचं, कोण पाहू शकतं, हे एका पानावर लिहून एचआरची सही घ्या. ध्वनिमुद्रण बंद ठेवा.

तिन्ही व्हेंडरना आता एकच पान पाठवा. त्यावर कॅमेरावार बिटरेट, ४५ दिवस (बाणेरला ३०), २० टक्के वाढ, रेड ६, चाकणला अधिक हॉट स्पेअर, आणि रेड व एआय चालू असतानाची बँडविड्थ असेल. पर्चेस ऑर्डरमध्ये घाला की शेवटचे २० टक्के पैसे ४६व्या दिवशी, सर्वांत जुनं रेकॉर्डिंग ४५ दिवसांपूर्वीचं दिसल्यावर मिळतील. बसवल्याच्या आठवड्यात सगळ्यांसमोर चालू यंत्रातून एक डिस्क उपसून काढा, अलार्म वाजतो का, ईमेल कुणाला जातो, हॉट स्पेअर आपोआप लागते का ते पाहा. तिघांपैकी एखादा या अटीवर कां कूं करेल, त्याचं कोटेशन बाजूला ठेवा. उरलेल्या दोघांत ज्याचा सर्व्हिस इंजिनिअर पिंपरी-चिंचवडमध्येच बसतो आणि सुटी डिस्क त्याच दिवशी आणून देतो, तो पाच-सात टक्के महाग असला तरी घ्या.